एकटीने बाळाला घेऊन मुंबई–दुबई–हॅम्बुर्ग : बाबागाडी न्यावी की नको?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मी आणि माझा पंधरा महिन्यांचा मुलगा, दोघंच जर्मनीला निघतोय. नवरा जानेवारीपासून हॅम्बुर्गला आहे. त्याला आता रजा नाही, त्यामुळे न्यायला येता येणार नाही. मिरजेहून रात्री गाडीने मुंबई, पहाटेचं विमान, दुबईला तीन तास चाळीस मिनिटं थांबायचं, मग हॅम्बुर्ग. मी आजवर एकदाच विमानात बसले आहे, पुणे ते दिल्ली, तेही लग्नाआधी.

माझा सगळा घोर बाबागाडीचा आहे. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला माझ्या भावाने चांगली मोठी गाडी घेतली. मोठी चाकं, पाठ पूर्ण सपाट होते, दुपारी पिल्लू तिच्यात दोन-दोन तास झोपतो. पण काल भुसारी दुकानातल्या काट्यावर वजन केलं तर ९ किलो ४०० ग्रॅम भरलं. घडी घालायला दोन्ही हात लागतात, शिवाय खालची दांडी पायाने दाबावी लागते. तेव्हा बाळाला कुठे ठेवायचं?

गाडीच नको म्हणावं तर बाळ दहा किलोचा आहे, आणि बाळंतपणानंतर माझं उजवं मनगट धरलंय ते अजून पूर्ण सुटलं नाही. अर्ध्या तासाच्या वर त्याला उचलवत नाही. जाऊबाई म्हणतात छोटी घडीची गाडी घे, ती आत सीटजवळ ठेवता येते. सासूबाई म्हणतात एवढी महाग गाडी विमानवाले मोडून टाकतील. नवरा म्हणतो, तुला सोपं पडेल ते कर. पण मला काय सोपं पडेल हे मलाच कळत नाहीये.

दुबईला गाडी परत हातात मिळते का? सिक्युरिटीला बाळ, गाडी, खांद्यावरची पिशवी, हे एकटीने कसं करायचं? आणि मोडलीच तर कोणाकडे दाद मागायची? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

अर्धापुणेकर

छोटी गाडी आत नेता येते हे अर्धंच खरं आहे. आमच्याकडे योयो नावाची छोटी घडीची गाडी होती. घडी घातल्यावर साधारण ५२ × ४४ × १८ सेंटिमीटर, वजन सहा किलोच्या थोडं वर. ती वरच्या कप्प्यात जाते म्हणून आम्ही घेतली, आणि लांबच्या विमानांत गेलीही. पण पुणे–दिल्लीला आम्हाला अडवलं, कारण देशांतर्गत विमानांत हातातल्या बॅगेचं माप बहुतेक ५५ × ३५ × २५ आणि वजन ७ किलो असतं. ४४ तिथे बसत नाही. शिवाय विमान भरलेलं असेल तर कप्प्यात जागा उरलेली नसते. त्यामुळे "आत नेईनच" असं धरून निघू नका. आत गेली तर चांगलंच, नाही तर दारात देऊन टाकायची.

गोदावरी (सिंगापूर)

ताई, तुझं लिहिलेलं वाचून माझा पहिला प्रवास आठवला. तुला जमेल, हे आधी सांगते. मी माहेर नाशिकचं म्हणून मुंबई–सिंगापूर करते. एकदा लेक घेऊन, नंतर लेक आणि लेकरू दोन्ही घेऊन, नवऱ्याशिवाय सात वेळा झालं.

कुठली गाडी घ्यायची ते नंतर बघू. आधी हे ठरव, की गाडी तुझ्या हातातून कुठे सुटणार आणि पुन्हा कुठे हातात येणार. या दोन ठिकाणांच्या मधे जितकी चाल आहे तितकी बाळ अंगावर घेऊनच करायची आहे. आपण सगळ्याजणी गाडीचं मॉडेल बघण्यात महिना घालवतो आणि हे विचारायचं राहून जातं. माझंही राहिलं होतं.

माझी लेक अकरा महिन्यांची होती, मधे एक थांबा होता. मुंबईला विमानाच्या दारात गाडी दिली. थांब्याला उतरले आणि दाराबाहेरच्या बोगद्यात भिंतीला टेकून उभी राहिले, की आता आणून देतील. लेक खांद्यावर झोपलेली. सगळे प्रवासी गेले, विमानातल्या मुलीही आपापल्या बॅगा ओढत गेल्या, मी उभीच. वीस मिनिटांनी एक माणूस आला, त्याने माझ्या बोर्डिंग पासवरची चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, ही तर शेवटच्या ठिकाणी मिळणार. बाळाला अंगावर बांधून घ्यायचं माझं कॅरियर कुठे होतं? मोठ्या सुटकेसमधे, तळाशी. पुढचा गेट टर्मिनलच्या पार दुसऱ्या टोकाला. ओढणीची गाठ मारून लेकीला पाठीशी घेतलं आणि चालले. विमानात बसल्यावर हात इतके थरथरत होते की बाटलीचं झाकण उघडेना. शेजारच्या काकूंनी उघडून दिलं.

ते चिठ्ठीवर आधीच लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. म्हणून हे नीट ऐक. चेक-इन काउंटरवर गाडीला कागदी पट्टी लावतात, दांड्याला गुंडाळून चिकटवतात. तिचा छोटा तुकडा तुझ्या बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी कोड असतो. डीएक्सबी असेल तर गाडी दुबईला उतरणार. एचएएम असेल तर ती थेट हॅम्बुर्गला, दुबईला तू वाट बघायची नाही. काउंटर सोडायच्या आधी तो कोड वाच, आणि समोरच्या मुलीला विचार, "दुबईला दारात मिळेल, सामानाच्या पट्ट्यावर मिळेल, की हॅम्बुर्गलाच?" तिघांपैकी एक उत्तर घेऊनच पुढे जा. छोटा तुकडा कितीही क्षुल्लक वाटला तरी फेकू नको. गाडी दिल्याचा तुझ्याकडे तेवढाच पुरावा असतो.

कोड एचएएम असला तरी घाबरायचं कारण नाही. दुबई विमानतळावर बाळांसाठी मोफत गाड्या असतात, उतरून आत आल्यावर कर्मचाऱ्याला विचारायचं. आमच्या सिंगापूरच्या चांगी विमानतळावरही आहेत. त्या साध्या असतात, पाठ फारशी मागे जात नाही, पण बाळ आणि पिशवी दोन्हींचा भार खांद्यावरून उतरतो. तुझ्या मनगटाला तेच हवंय. उतरल्यापासून त्या गाडीपर्यंत मात्र कॅरियर लागणारच. ते हातातल्या पिशवीत सगळ्यात वर ठेव.

तुझी मोठी गाडी मी नेणार नाही. चांगली आहे म्हणूनच नेणार नाही. साडेनऊ किलो आणि दोन हातांची घडी, एकटीला नाही झेपत. सहा किलोच्या आसपासची, एका हाताने मिटणारी घे. आणि ती आल्या दिवसापासून घरी सराव कर. बाळ डाव्या कडेवर, उजव्या हाताने बटण दाब, घडी घाल, पट्टा लाव. तुझं मनगट दुखतं तर उलट करून बघ. दहा वेळा कर, सासूबाईंना बाजूला उभं कर. विमानाच्या दारात मागे पंचवीस माणसं उभी असतात, तिथे पहिल्यांदा बटण शोधायची वेळ येऊ नये.

सिक्युरिटीला बाळाला गाडीत बसवून नेता येत नाही. त्याला उचलायचं, खालच्या टोपलीतलं सगळं काढायचं, घडी घालून गाडी मशीनमधून जाते. मोठी असेल तर हाताने तपासतात. कॅरियरही काढायला लावतात. मुंबईला बायकांची तपासणी पडद्याआड असते, बाळ कडेवर घेऊनच जायचं. रांगेत उभी असतानाच टोपली रिकामी करून ठेव आणि ट्रे ठेवणाऱ्या माणसाला सरळ सांग, "दादा, बाळ आहे, गाडी तेवढी उचलून ठेवता का?" मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. बाळाचं दूध, गरम पाण्याचा थर्मास प्रवासापुरता नेऊ देतात, पातळ पदार्थांचा १०० मिलीचा नियम त्याला लावत नाहीत. फक्त वेगळं काढून दाखवायचं.

आता मोडण्याचं. माझी एकदा मोडली, परतीच्या प्रवासात. पट्ट्यावर गाडी आली ती पुढचं डावं चाक लोंबकळत. चाकाचा आस वाकला होता. लेक दमलेली, बाहेर वडील वाट बघत होते, पण मी बाहेर पडले नाही. विमान कंपनीच्या सामानाच्या काउंटरवर गेले, तक्रारीचा कागद भरून घेतला. त्याला पीआयआर म्हणतात, त्यावर नंबर असतो. चाकाचे फोटो, पट्टीचा फोटो, बोर्डिंग पासचा फोटो तिथेच काढले आणि त्याच रात्री ईमेल केली. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. त्यात सामान मोडलं तर हातात मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, उशिरा आलं तर एकवीस दिवसांत. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. एवढे कोणी देत नाही, नुकसान झालं तेवढंच. ओरखडे आणि डाग कोणी धरत नाही. मला पत्रव्यवहार करत महिना गेला, पण दुरुस्तीचे पैसे मिळाले. घरी जाऊन चार दिवसांनी बघू म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला काहीच मिळालं नाही.

दारात देताना पट्टी दिसेल असा गाडीचा एक फोटो काढ. धड होती हे दाखवायला.

रॅम्पवाला

मी सात वर्षं विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमधे, म्हणजे विमानात सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामात होतो. वर गोदावरीताईंनी पट्टीबद्दल लिहिलंय ते अगदी बरोबर. आमच्या बाजूने काय होतं ते सांगतो, म्हणजे कशाला जपायचं ते कळेल.

दारात दिलेली गाडी सगळ्यात शेवटी लोड होते. लोडर ती बोगद्याच्या बाजूच्या लोखंडी जिन्याने हातात घेऊन खाली उतरतो. बहुतेक विमानांत शेपटीकडे सुट्या सामानाचा छोटा कप्पा असतो, गाड्या, व्हीलचेअर तिथे जातात. शेवटी गेलेलं आधी निघतं, म्हणून ती दारात परत आणून देता येते. त्यासाठी पट्टीवर "विमानाजवळ द्यावी" अशी खूण लागते, आम्ही तिला डीएए टॅग म्हणायचो. ती नसेल तर गाडी बाकीच्या बॅगांबरोबर पट्ट्यावर किंवा पुढच्या विमानाकडे जाते. लोडर फक्त पट्टी बघतो, त्याला बाळ दिसत नसतं.

विमान लांब उभं असेल आणि बसने आणत असतील तर गाडी जिन्याच्या पायथ्याशी घेतात. तेव्हा बसमधे बाळ अंगावर हवं.

गाड्या मोडतात त्या जास्त करून उघडल्यामुळे. घडीचा हुक निसटतो, गाडी अर्धी उघडते, मग चाक किंवा दांडी कशात तरी अडकते. म्हणून घडीवरून बॅगेचा रुंद पट्टा करकचून बांधा. पुढची आडवी दांडी, कप ठेवायचा खोका, लोंबणारी खेळणी, सुटतं ते सगळं काढून पिशवीत. टोपलीत काही ठेवू नका, ते वाटेत पडतं आणि सापडत नाही. गाडीची पिशवी असेल तर उत्तम, पण पट्टी पिशवीच्या बाहेर आणि आत गाडीलाही नाव-फोन लिहून बांधा.

काउंटरवर मदत मागा. "बाळाबरोबर एकटी आहे, दुबईला मदत हवी" हे तिकीट काढलं तिथे फोन करून आधी नोंदवता येतं. शेवटच्या क्षणी मागितली तर माणूस मिळेलच असं नाही.

साताऱ्याची आजी

पोरी, मी मुलीबरोबर नातवाला घेऊन गेले होते. मुलीकडे परदेशी कॅरियर होतं, त्यात नातू रडायचा. उन्हाळा, सगळं नायलॉन. मी माझं जुनं सुती लुगडं फाडून पट्टा नेला होता, त्याने कडेवर बांधून घेतला तर पाच मिनिटांत झोपला. तुझ्या बाळाला नवीन कॅरियर घेणार असशील तर आत्ताच घे आणि रोज संध्याकाळी त्यात फिरव. प्रवासाच्या दिवशी नवी वस्तू अंगाला लावू नये. मनगटाला सुंठेचा लेप लाव असं म्हणणार होते, पण डॉक्टरांना दाखव बाई. पट्टा मिळतो त्याचा.

आणि विमानात पाळणा मिळतो म्हणून सांगतात, तो आमच्या नातवाला पुरला नाही. तो चौदा महिन्यांचा होता, पाय बाहेर यायचे.

गोदावरी (सिंगापूर)

आजी बरोबर सांगतायत. पाळण्याला वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलो असते, पण लांबीचीही असते, ती कोणी सांगत नाही. दोन्ही विचार. तरी पुढची पाळण्याची सीट मिळाली तर घे, पायाजवळ जागा असते.

आल्स्टरकाठ (हॅम्बुर्ग)

मी इथेच राहते, त्यामुळे उतरल्यानंतरचं लिहिते. मोठी गाडी नको हे प्रवासापुरतं मान्य. पण इथे आल्यावर तिची आठवण येईल. जुन्या भागांत रस्ते दगडी फरशांचे आहेत, छोटी चाकं फटीत बसतात आणि बाळाचं डोकं हादरतं. थंडीत त्यात पाला आणि चिखल. इथे सगळी पोरं गाडीतच वाढतात, पावसातसुद्धा, प्लास्टिकचं आवरण घालून. म्हणून छोटी घेऊन ये, आणि मोठ्या चाकांची इथे जुनी घ्या. लोक मूल मोठं झालं की स्वच्छ करून विकतात. माझी मैत्रीण साठ युरोला घेऊन आली, गेली दोन वर्षं तीच चालवते.

विमानतळावर गाडी पट्ट्यावर दिसली नाही तर लगेच हरवली म्हणून घाबरू नको. "श्पेरगेपेक" अशी पाटी शोध, म्हणजे अवजड आणि वेड्यावाकड्या आकाराचं सामान. गाड्या पुष्कळदा तिथेच येतात. तिथून एस-वन लोकलने मुख्य स्टेशन पंचवीस मिनिटांवर आहे. खाली जायला लिफ्ट आहे, जिना चढायची गरज नाही. नवऱ्याला बाहेर उभं राहायला सांग, सामान त्याच्या हातात दे, आधी बाळाला दे.

कृष्णाकाठ (आता हॅम्बुर्ग)

पोचले! आठ दिवस झाले, आज लिहायला वेळ मिळाला. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत म्हणून काय झालं ते सांगायलाच हवं.

छोटी गाडी घेतली, ५ किलो ८०० ग्रॅम. मिरजेत स्टेशनजवळ एक काका शाळेच्या बॅगा शिवतात, त्यांच्याकडून जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, दोन बाजूंना बांधायला बंद लावून. पंधरा दिवस रोज घडीचा सराव केला. डाव्या हाताने जमत नव्हतं, शेवटी गुडघा लावून जमलं. सासूबाई मोजायच्या, "सहा झाले, अजून चार."

मुंबईला काउंटरवरच्या मुलीने पट्टी लावली, मी वाचली, एचएएम. दुबईला मिळेल का विचारलं तर म्हणाली नाही, थेट हॅम्बुर्गलाच. मन खट्टू झालं, पण निदान माहीत होतं. सिक्युरिटीला पिल्लू रडायला लागला, एका पोलीस ताईंनी माझा ट्रे पुढे ढकलून दिला आणि गाडी स्वतः पट्ट्यावर ठेवली. दारात गाडी देताना फोटो काढला. तेव्हा हुंदका आला मला, घरातलं काहीतरी मागे ठेवल्यासारखं वाटलं.

दुबईला उतरल्या उतरल्या कॅरियर बांधलं. मागेपुढे न बघता चालत सुटले. आत आल्यावर एका कर्मचाऱ्याला विचारलं, त्याने बोट दाखवलं, भिंतीला लागून चार गाड्या उभ्या. पिल्लू त्यात बसला आणि दहा मिनिटांत झोपला, तब्बल दीड तास. मी शेजारी बसून डब्यातली गूळपोळी खाल्ली. रात्रभरात तेवढंच पोटात गेलं होतं.

हॅम्बुर्गला पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा येऊन संपल्या, गाडी नाही. आल्स्टरकाठताई, तुमची पाटी आठवली. कोपऱ्यात होतीच ती, आणि खाली माझी मिरजेची हिरवी पिशवी. काढून बघितली, एका बंदाची शिवण उसवली आहे, गाडी धड आहे.

मोठी गाडी नणंदेकडे दिली, तिला दिवाळीच्या सुमाराला बाळ होईल. इथली फरशी तुम्ही म्हणालात तशीच आहे, छोटी चाकं खरंच अडकतात. शनिवारी एक जुनी मोठी गाडी बघायला जातोय. तिच्यात काय बघायचं, सांगाल का?

आल्स्टरकाठ (हॅम्बुर्ग)

किती बरं वाटलं वाचून! गाडी उलटी करून चारही चाकं हाताने गरागरा फिरव, डुगडुगतात का बघ. ब्रेक लावून उतारावर उभी कर. पट्ट्याचं बकल पाच वेळा लाव-काढ कर, जुन्या गाडीत तेच आधी सैल होतं. आणि पिल्लूला घेऊन जा, बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.